सोयाबीनचा हंगाम अन् लेकरांची धाप

दसऱ्याच्या आगेमागे वाशीम जिल्ह्यात कुठल्याही रस्त्याने गेले तरी मळणी यंत्राचा आवाज कानावर येतो. सोंगणी होऊन सुड्या लागलेल्या असतात, पावसाचा नेम नसतो, त्यामुळे यंत्रे रात्री उशिरापर्यंत चालू राहतात. दाणा पोत्यात जातो, कुटार एका बाजूला पडते आणि बारीक पिवळसर भुकटी हवेत तरंगत राहते. शेत गावाला लागून असेल तर ती सरळ घरात येते. याच दिवसांत रात्री दोन-अडीचच्या सुमारास एखाद्या घरात आठ-नऊ वर्षांचे लेकरू खोकत उठून बसते. आधी कोरडा खोकला, मग छातीतून शिटीसारखा आवाज. बसले की जरा बरे, आडवे झाले की पुन्हा सुरू. सकाळी त्याला दवाखान्यात नेतात, ‘वाफ’ दिली जाते आणि थोड्या वेळात पोर खेळायला लागते. ‘छाती भरली होती, मोकळी झाली,’ म्हणत सगळे घरी येतात.

दिवाळीत फटाक्यांच्या धुराने पुन्हा तेच होते. थंडीत सर्दी झाली की पुन्हा तेच. वर्षातून चार-सहा वेळा हा फेरा होतो आणि दरवेळी त्याला नवे नाव मिळते: कफ झाला, वातावरण बदलले, न्यूमोनियाची सुरुवात होती. ‘दमा’ हा शब्द मात्र घरात कुणी काढत नाही. दमा म्हाताऱ्या माणसाले असते, लेकराले कुठून येईन, असा पक्का समज असतो. मुलगी असेल तर तो शब्द आणखीच टाळला जातो, कारण पुढे सोयरिकीत तो आडवा येईल अशी धास्ती असते.

हा समज एका जिल्ह्यापुरता नाही. ‘ग्लोबल अस्थमा नेटवर्क’च्या भारतातील पाहणीत पुण्यासह नऊ केंद्रांवर सव्वा लाखाहून अधिक मुले आणि पालकांची माहिती घेतली गेली. सहा-सात वर्षांच्या मुलांपैकी ३.१६ टक्के आणि तेरा-चौदा वर्षांच्यांपैकी ३.६३ टक्के मुलांमध्ये घरघरीची लक्षणे आढळली. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात साधारण एक. त्याहून बोलका आकडा पुढे आहे. ज्यांना लक्षणे होती त्यांच्यापैकी ८२ टक्के लोकांना दमा असल्याचे निदान झालेलेच नव्हते आणि रोजचे औषध घेणारे अडीच टक्केही नव्हते. २०१९ च्या जागतिक रोगभार अभ्यासानुसार जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४२ टक्क्यांहून अधिक भारतात होतात. रुग्ण आठात एक आणि मृत्यू पाचात दोन. आजार सगळीकडे सारखाच, तर मग ही तफावत उपचारातून येते.

त्या ‘वाफे’ने नेमके काय होते, हे कळले की या तफावतीचे कारणही कळते. दम्यात श्वासनलिकांमध्ये दोन गोष्टी घडतात. एक, नळीभोवतीचे स्नायू आवळतात. दोन, नळीचे आतले अस्तर सुजते आणि चिकट कफ तयार होतो. ठिबकच्या नळीला बाहेरून कुणी दाबले आणि आतून क्षारही साचले तर थेंब पडत नाही, तसा हा प्रकार. मुलांच्या नळ्या मुळातच अरुंद असतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, तर तब्बल सोळा पट होतो. वाफेतले औषध आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते, म्हणून पोर लगेच हसते. आतली सूज मात्र तिथेच असते. लेकरू शाळेत जाते, धावते, जेवते, तेव्हाही ती असते. पुढची सर्दी, पुढचा धूर, पुढची भुकटी येईपर्यंत ती गप्प बसलेली असते एवढेच. धाप हा दम्याचा दिसणारा भाग. खरा आजार दोन धापांच्या मधल्या दिवसांत असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत उपचार बंद असतात.

सोयाबीनच्या भुकटीचा आणि दम्याचा संबंध जगाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात अधूनमधून असे दिवस येत की, काही तासांतच दवाखान्यांत धापेच्या रुग्णांची रीघ लागे. काही जण दगावले. असे २६ दिवस नोंदले गेले. हवेतले प्रदूषण, हवामान, परागकण सगळे तपासून झाले, काही जुळेना. मग संशोधकांनी रुग्ण कुठे आजारी पडले ते नकाशावर मांडले, तेव्हा खुणा बंदराभोवती गोळा झाल्या. बंदरातल्या नोंदी काढल्या तर त्या प्रत्येक दिवशी जहाजातून सोयाबीन उतरवले जात होते. एका कोठाराला भुकटी अडवणारी गाळणीच नव्हती. सोयाबीनच्या टरफलाची धूळ वाऱ्यासोबत शहरावर पसरत होती. गाळण्या बसवल्या आणि साथी थांबल्या. १९८९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला.

बार्सिलोनाच्या त्या रुग्णांना टरफलातल्या प्रथिनांचीच ॲलर्जी होती. मळणीच्या दिवसांत धाप लागणाऱ्या प्रत्येक लेकराला ती असेलच असे नाही. त्याची गरजही नाही, कारण आधीच सुजलेल्या नळीला कुठलीही बारीक धूळ पुरते. तुराट्या आणि पऱ्हाट्यांवर पेटणाऱ्या चुलीचा धूर, गाद्या-गोधड्यांतले सूक्ष्म किडे, पावसाळ्यात ओलाव्याने भिंतीवर धरलेली बुरशी, डासांची अगरबत्ती, घरातल्या माणसाची बिडी या सगळ्या गोष्टी तेच काम करतात. लहान मुलांत सर्वांत मोठे निमित्त असते ते साध्या विषाणूंच्या सर्दीचे. यंत्र चालू असताना लेकराला कुटारापासून लांब ठेवणे, कुटार भरायला त्याला न पाठवणे, चुलीजवळ झोपवू नये, गोधड्या कडक उन्हात वाळवून झटकणे (आणि झटकताना लेकरू जवळ नसणे) हे घरच्या घरी जमण्यासारखे आहे. गावाच्या हवेतली धूळ पूर्ण टाळणे कुणालाच जमणार नाही, म्हणून तर औषधाची गरज लागते.

घरोघरी पाळले जाते ते पथ्य मात्र भलतेच. दही बंद, ताक बंद, केळी बंद, पेरू बंद, सीताफळ तर बघायचेही नाही. एखाद्या विशिष्ट पदार्थाने खरोखर त्रास होणारी मुले थोडी असतात. बाकीच्यांच्या ताटातून वाढीच्या वयात उगाच चार चांगल्या गोष्टी कमी होतात. खेळाचेही तसेच. दमा आटोक्यात असेल तर पोराने कबड्डी खेळायला हरकत नाही. खेळताना धाप लागत असेल तर खेळ बंद करण्याऐवजी औषध पुरेसे आहे का, ते पाहावे.

निदान एका रक्ततपासणीने किंवा एक्स-रेने होत नाही. एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छच असतो. खोकला रात्री आणि पहाटे वाढतो का, हसताना-पळताना लागतो का, वर्षभर उलटून येतो का, घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी आहे का, नळ्या मोकळ्या करण्याच्या औषधाने फरक पडतो का, यावरून डॉक्टर ठरवतात. पाच-सहा वर्षांपुढचे मूल फुंकून दाखवू शकते, तेव्हा स्पायरोमेट्रीचा आधार मिळतो. अगदी लहान बाळांबाबत थोडे थांबावे लागते. तीन वर्षांच्या आत घरघर झालेल्या दर पाच मुलांपैकी साधारण तिघांची घरघर सहाव्या वर्षापर्यंत थांबलेली असते, असे अमेरिकेतल्या टुसॉन शहरातील दीर्घ अभ्यासात दिसले. त्यामुळे प्रत्येक घरघर म्हणजे दमा नव्हे. पण वारंवार होणारी घरघर ‘वयाने जाईल’ म्हणून सोडून देण्यासारखीही नसते.

निदान झाले तरी गाडी अडते ती पंपापाशी. ‘पंप एकदा लागला का सुटत नाही’ हे वाक्य गावात डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा वजनदार ठरते. प्रत्यक्षात हिशेब उलटा आहे. नळ्या सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या पातळ औषधाच्या ५ मिलिलिटर चमच्यात २ मिलिग्रॅम म्हणजे २००० मायक्रोग्रॅम औषध असते. ते पोटातून रक्तात आणि अंगभर फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम असते आणि ते जिथे हवे तिथेच जाते. सूज उतरवणारे औषध वेगळे. ते श्वासातून घ्यायचे, अगदी कमी मात्रेतले स्टेरॉइड असते आणि रोज घ्यायचे असते. त्याचा गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, आणि बरीच घरे चौथ्या दिवशीच ‘काही फरक नाही’ म्हणून ते थांबवतात. दमा तीन महिने आटोक्यात राहिला की डॉक्टर मात्रा कमी करत नेतात. म्हणजे पंप कमी होतो, पण तो नियमाने घेतल्यावर.

स्टेरॉइडची भीती अगदीच निराधार नाही, म्हणून त्याचा आकडा सांगितलेला बरा. अमेरिका आणि कॅनडातील मुलांना काही वर्षे रोज ब्युडेसोनाइड देऊन ती मोठी होईपर्यंत त्यांची उंची मोजली गेली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षात सरासरी १.२ सेंटिमीटरचा फरक आढळला. बोटाच्या एका पेराहूनही कमी. याउलट जी घरे पंपाला घाबरतात, त्याच घरांत प्रत्येक धापेला स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन बिनदिक्कत चालते आणि त्यातली मात्रा कितीतरी पट जास्त असते. तीव्र झटक्यात या गोळ्या जीव वाचवतात. पुन्हा पुन्हा घेतल्या तर मात्र उंची, हाडे, डोळे सगळ्यांवर परिणाम होतो.

मुलांनी पंप थेट तोंडात मारण्यात अर्थ नसतो. फवारा घशावर आदळून तिथेच राहतो. त्यासाठी स्पेसर नावाची पोकळ नळी लागते आणि लहान बाळासाठी तिला मास्क. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, एक फवारा मारायचा, पाच-सहा साधे श्वास घ्यायचे, मग दुसरा. रोजच्या स्टेरॉइडनंतर चूळ भरून थुंकायची. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवायचा. फडक्याने पुसला तर आतल्या बाजूला वीजभार तयार होऊन औषध भिंतींना चिकटते. स्पेसर मिळत नसेल तर काय, याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनच्या डॉक्टरांनी शोधले. अर्धा लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाइतके भोक पाडून सांधा बंद केला, तर धाप लागलेल्या मुलांना ती विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडते, हे त्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले. पाण्याची रिकामी बाटली वाशीमच्या बसस्टँडवर ढिगाने मिळते. ती कशी वापरायची, हे मात्र एकदा डॉक्टरांसमोर करून पाहावे.

औषध आणि विश्वास यांच्यामधल्या जागेत हैदराबादची मासोळी येते. मृग नक्षत्र लागले की इकडे पेरणीची लगबग आणि तिकडे बत्तिनी कुटुंबाकडून जिवंत मरळीच्या पिलातून दिले जाणारे औषध घ्यायला दम्याच्या रुग्णांची गर्दी. अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरच्या वाशीमहून तिकडे जाणे अवघडही नाही. औषध फुकट असते, देणाऱ्यांची श्रद्धा जुनी असते. पण त्याने दमा बरा होतो, याला शास्त्रीय पुरावा नाही. दमा मुळातच कमी-जास्त होणारा आजार, त्यामुळे ऋतू पालटताच वाटणाऱ्या आरामाचे श्रेय मासोळीला मिळून जाते. बिघडते ते त्यानंतर ‘आता औषध झाले’ म्हणून रोजचा पंप बंद होतो तेव्हा.

सूज उतरवणारे ब्युडेसोनाइड आणि नळ्या सैल करणारे साल्ब्युटामॉल ही दोन्ही श्वासातून घ्यायची औषधे २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासतात. रात्रीच्या खोकल्याची गोष्ट त्यांना सांगायला हवी, कारण दिवसा तपासताना छाती स्वच्छ असू शकते. वाशीमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. सर्वांत कठीण गाठ स्थलांतराची. दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांसोबत लेकरे जातात, धूर आणि धुळीत राहतात आणि उपचार तिथेच तुटतो. निघण्याआधी पुरेसे पंप, स्पेसर आणि डॉक्टरांच्या हातची चिठ्ठी सोबत घेतली तर निदान दुसऱ्या जिल्ह्यातल्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. त्याच चिठ्ठीवर धाप लागली तर घरी कोणते औषध किती आणि किती वेळा द्यायचे, हेही लिहून घ्यावे.

काही खुणा दिसल्या की मात्र चिठ्ठी शोधत बसू नये. एक वाक्यही सलग बोलता येत नाही, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, बाळ दूध ओढत नाही, मूल गळून जाते किंवा धापेचा पंप देऊनही उतार पडत नाही, यातले काहीही दिसले तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे आणि वाटेत धापेचा पंप देत राहावे. शिटीचा आवाज अचानक बंद झाला आणि मूल तरी कासावीसच असेल, तर ते बरे वाटल्याचे लक्षण नसते. हवा आत जाणेच थांबत आलेले असते. सौम्य दमा असलेल्या मुलालाही असा झटका येऊ शकतो.

दोन पंप घरात असले की गफलत होते. म्हणून एकावर ‘रोजचा’ आणि दुसऱ्यावर ‘धापेचा’ अशी चिठ्ठी चिकटवावी. आणि रोजचा पंप खरेच रोज घेतला जातो का, हे तपासायला कॅलेंडर पुरते. २०० मात्रांचा पंप सकाळी दोन, संध्याकाळी दोन फवारे घेतले तर ५० दिवसांत संपतो. पाण्यात तरंगवून पाहण्याची युक्ती भरवशाची नाही आणि औषध संपल्यावरही नुसता वायू फुसफुसत राहतो. पोळ्याला आणलेला पंप दिवाळीपर्यंत चाललेला असेल, तर एक तर लेकराचे फवारे चुकले आहेत, नाहीतर गेले आठ-दहा दिवस ते रिकामा पंप ओढत आहे.