बुटीक हॉटेल : एका रात्रीचा मुक्काम

(द्वितीय वर्ष, कला)

‘हॉटेल’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मिसळ, चहा आणि लाकडी बाकडे येते. मुक्कामाला आपण लॉजवर जातो, धर्मशाळेत उतरतो, नाहीतर सरळ एखाद्या नातेवाइकाचे दार ठोठावतो. त्यामुळे गेल्या डिसेंबरात एका निबंध स्पर्धेच्या बक्षीस समारंभासाठी मुंबईला गेलो आणि आयोजकांनी माझी सोय फोर्ट भागातील एका ‘बुटीक हॉटेला’त केल्याचे कळले, तेव्हा हा काय प्रकार असावा, असा प्रश्न मला पडला. तेथे मी एक रात्र राहिलो. परत आल्यावर त्याविषयी थोडे वाचन केले. त्यातून जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवतो.

‘बुटीक’ हा मूळ फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ लहान दुकान. हॉटेलांच्या संदर्भात तो रूढ झाला, तो मुख्यतः न्यूयॉर्कच्या ‘मॉर्गन्स’ या हॉटेलामुळे. इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल या दोघा भागीदारांनी ते १९८४ साली मॅडिसन ॲव्हेन्यूवर सुरू केले. इतर हॉटेले म्हणजे सर्व काही मिळणारी मोठी भांडारे आणि आपले हॉटेल म्हणजे निवडक मालाचे लहान दुकान, अशी तुलना रुबेल यांनी केली आणि तेच नाव पुढे चालू राहिले, असे सांगतात. अशी छोटी, देखणी हॉटेले लंडनसारख्या शहरांत त्याआधीही होती. नाव मात्र येथून पसरले.

या दोघांची पूर्वपीठिकाही ऐकण्यासारखी आहे. त्यांचा ‘स्टुडिओ ५४’ हा नाइट क्लब अतिशय गाजला होता. पण कर चुकविल्याबद्दल दोघांनाही तुरुंगवास घडला. सुटून आल्यावर त्यांनी हॉटेल काढले, तेव्हा हात आखडता होता. सजावटीचे काम आंद्रे पुतमाँ या फ्रेंच बाईंकडे दिले होते. न्हाणीघरासाठी त्यांना स्वस्तातली स्वस्त फरशी वापरावी लागली. बाईंनी तीच साधी फरशी काळी आणि पांढरी अशी आलटून पालटून बसविली. पुढे ही बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी त्या हॉटेलाची ओळख बनली. हॉटेलाबाहेर नावाची पाटीसुद्धा नव्हती. तात्पर्य, शोभा म्हणजे किंमत नव्हे, शोभा म्हणजे निवड, हा धडा या हॉटेलाने व्यवसायाला घालून दिला.

आता अशी हॉटेले गजबजलेल्या वस्तीतच का आढळतात? पहिले कारण जागेचे. शहराच्या मध्यभागी मोकळी जमीन नसते. असतात त्या जुन्या इमारती. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींसाठी नियम आहेत, आणि २०१८ साली ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींचा युनेस्कोने जागतिक वारसा यादीत समावेश केला. अशा भागात जुने पाडून टोलेजंग नवे उभारणे सोपे नाही. म्हणून बाहेरचा चेहरा तसाच राखून आत दहा-वीस खोल्या काढायच्या, हा मार्ग सोयीचा ठरतो. दुसरे कारण असे की, एवढ्याशा जागेत पोहण्याचा तलाव किंवा भव्य दिवाणखाना बसत नाही. ही उणीव रस्ता भरून काढतो. खाली उतरले की इराण्याचा चहा, पदपथावरची जुनी पुस्तके, चालत जाण्याच्या अंतरावर जहांगीर कलादालन. शहरच पाहुण्याचा दिवाणखाना होते.

अर्थात याची किंमत पाहुणा मोजतोच. खोल्या थोड्या, म्हणून सगळा खर्च थोड्याच खोल्यांवर पडतो आणि भाडे चढते. माझ्या खोलीचे एका रात्रीचे भाडे माझ्या वडिलांच्या आठ दिवसांच्या मजुरीहून अधिक होते. जिने जुने व अरुंद असतात. रस्त्याकडेच्या खिडकीतून गाड्यांचे भोंगे रात्री उशिरापर्यंत ऐकू येतात. ज्याला शांत झोप हवी, त्याने मागच्या बाजूची खोली मागून घ्यावी. उलट, माणसे थोडी असल्याने ओळख लवकर होते. सकाळी चहा आणणाऱ्या मुलाने मला आदल्या दिवशीच्या बक्षिसाबद्दल विचारले, याचे मला नवल वाटले.

पण खरे सांगायचे तर त्या खोलीत मला प्रथम झोपच येईना. समोरची भिंत नुसत्या विटांची होती. कोपऱ्यात पत्र्याची जुनी ट्रंक मेज म्हणून मांडली होती. आमच्या घरीही पत्र्याची ट्रंक आहे आणि मागच्या खोलीची भिंतही नुसत्या विटांची आहे. फरक एवढाच, की आमचा गिलावा पैशांअभावी राहिला, आणि त्यांनी असलेला गिलावा पैसे देऊन खरवडून काढला होता. जे आम्ही पाहुण्यांपासून लपवतो, तेच येथे पाहुण्याला मुद्दाम दाखविले होते! मला हसूही आले आणि थोडे वाईटही वाटले. त्या पुतमाँ बाईंची फरशी स्वस्त होती खरी. पण ती कशी बसवायची, हे ठरविणे त्यांच्या हाती होते. आमच्या घरी तेवढेही हाती नसते. निवड आणि नाइलाज दिसायला कधी कधी सारखेच असतात; राहायला मात्र सारखे नसतात.

माझे वडील गवंडी आहेत. घरी आल्यावर मी त्यांना मोबाइलवर त्या भिंतीचा फोटो दाखविला. बराच वेळ पाहून ते म्हणाले, “गिलावा करायचा ऱ्हायला व्हय रं यांचा?” मी सगळे समजावून सांगितले. त्यांनी फोटो पुन्हा जवळ घेऊन पाहिला आणि म्हणाले, “सांधं मातुर लई नीट भरल्यात. गिलाव्याखाली समदं झाकतं. उघड्या भिताडाला हात चांगला लागतो.”

बुटीक हॉटेलाविषयी मी जे जे वाचले, त्या सगळ्याचे सार आबांच्या या बोलण्यात आहे, असे मला वाटते. मोठ्या हॉटेलाच्या झगमगाटात एखादी चूक झाकून जाते. वीस खोल्यांच्या घरात चादरीची सुरकुतीही दिसते. तेथे शोभा टिकते ती सांधे भरणाऱ्या, चादर ओढणाऱ्या आणि चहा आणणाऱ्या हातांवर. त्या भिंतीखाली सजावटकाराचे नाव कोरलेले होते. सांधे भरणाऱ्याचे नव्हते. आबांना मात्र तो फोटोतूनही ओळखता आला.