चुंबक सरकला, तरी डाग राहिला

मागे मोठे पोट असलेल्या जुन्या मॉनिटरशेजारी स्पीकर ठेवला, की कधी कधी पडद्याचा एक कोपरा जांभळा किंवा हिरवट दिसू लागतो. स्पीकर हलवूनही डाग जात नाही, तेव्हा ‘नळी गेली’ असे समजून मॉनिटर भंगारात काढला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा नळी शाबूत असते.

या मॉनिटरच्या काचेच्या नळीत मागून पुढे इलेक्ट्रॉनांचे झोत धावतात. ते पडद्याच्या आतल्या लेपावर आदळले, की तिथे प्रकाश पडतो. धावत्या इलेक्ट्रॉनांना चुंबक वळवतो. याच गुणाचा उपयोग करून जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लावला. मॉनिटरही नळीच्या मानेवरील तारेच्या वेटोळ्यांनी झोत हवा तिकडे वळवतो. बाहेरचा चुंबक त्यात ढवळाढवळ करतो आणि चित्र वाकडेतिकडे होते. कृष्णधवल पडद्यावर चुंबक दूर नेताच ते सहसा पूर्ववत होते.

रंगीत पडद्याचे तसे नाही. त्यात लाल, हिरव्या व निळ्या रंगांसाठी तीन झोत असतात. प्रत्येक झोत आपल्याच रंगाच्या ठिपक्यावर पडावा, म्हणून काचेमागे बारीक छिद्रांची धातूची जाळी बसवलेली असते. लोखंड असलेली ही जाळी चुंबकाच्या सान्निध्यात स्वतःच चुंबक बनते. मग लालचा झोत हिरव्या ठिपक्यावर पडतो आणि डाग कायम राहतो.

उपाय मॉनिटरमध्येच असतो. तो सुरू करताना ‘घुंऽऽ’ असा आवाज येतो, तेव्हा पडद्याभोवतीच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा विद्युतप्रवाह जातो. तो हळूहळू शून्यावर येतो, तसे जाळीचे चुंबकत्वही उतरते. काही मॉनिटरांना त्यासाठी ‘डिगॉस’ हे वेगळे बटणही असते. ते सतत दाबून उपयोग नाही, कारण आतला भाग थंड व्हावा लागतो. मध्ये २०-३० मिनिटे जाऊ द्यावीत. डाग गडद असेल, तर दुरुस्ती करणारे हातातले वेटोळे पडद्यासमोर गोल फिरवतात आणि दूर नेऊनच बंद करतात. जवळ असतानाच ते बंद केले, तर नवाच डाग पडतो.

या उपायांनाही मर्यादा आहे. जुन्या हार्ड डिस्कमधून निघणारे निओडिमियमचे चुंबक आकाराने लहान, पण फार जोरकस असतात. असा चुंबक काचेला टेकवला, तर जाळीच वाकू शकते. ती पुन्हा सरळ करता येत नाही.

डाग घालवण्यासाठी मॉनिटर घरी उघडणे मात्र जिवावर बेतू शकते. रंगीत नळीला सुमारे २५ हजार व्होल्टचा दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही तिच्यात विद्युतभार साठून राहतो. त्यामुळे आधी स्पीकर व चुंबक दूर करावेत, मॉनिटर बंद करून अर्ध्या तासाने सुरू करावा. असे दोन-तीनदा करूनही डाग राहिलाच, तर मॉनिटर माहितगाराकडे न्यावा.