‘आक्षिक’ आणि ‘वैतनिक’ : द्यूत व नोकरी ह्यांतील निवडीचा शब्दार्थदृष्ट्या विचार

लाखांदूर तालुक्यातील दिघोरी (मोठी) हे भंडारा जिल्ह्याच्या धानपट्टीतील गाव. पोकरसारखा पत्त्यांचा डाव हेच उपजीविकेचे साधन करावे, की दरमहा पगाराची नोकरी टिकवावी, हा प्रश्न अशा गावापासून दूरचा वाटेल. परंतु मोबाइलने हा डाव गावोगाव नेला आणि त्यासोबत प्रश्नही नेला. त्याची चर्चा बहुधा ‘कौशल्य की दैव’ ह्या एकाच मुद्द्याभोवती फिरते. शब्दांच्या घडणीकडे पाहिल्यास मात्र निराळा निकष हाती येतो.

पाणिनीच्या अष्टाध्यायीत ही दोन्ही माणसे एकाच पादात भेटतात. फाशांनी खेळणारा तो ‘आक्षिक’ (४.४.२), वेतनावर जगणारा तो ‘वैतनिक’ (४.४.१२). प्रत्यय एकच आहे. भेद आहे तो क्रियेत. पहिल्याच्या विग्रहात ‘दीव्यति’ येते, दुसऱ्याच्या विग्रहात ‘जीवति’. मराठीनेही हा भेद राखला आहे. जुगार ‘खेळतात’, नोकरी, शेती आणि धंदा ‘करतात’.

वेतन निश्चित आणि फासा अनिश्चित, एवढाच हा भेद असावा अशी शंका येथे येईल. पण तसे नाही. ‘वेतन’ शब्दाच्या गणातच ‘जाल’ हाही शब्द आहे; जाळ्यावर जगणारा तो ‘जालिक’. जाळ्यात मासा येईलच ह्याची शाश्वती नसते. भंडारा हा तलावांचा जिल्हा. तेथील माजी मालगुजारी तलावांत मासेमारी करणाऱ्या ढीवरांना ही अनिश्चितता परिचित आहे. धान पिकविणाराही पावसावर विसंबून असतो. तरी ह्या दोघांचे काम उपजीविका ठरते. ह्याची कारणे दोन. रिकामे आलेले जाळे कालची मिळकत हिरावून नेत नाही. हरलेला डाव मात्र काल जिंकलेलेही नेतो. शिवाय तळ्यात मासा वाढतो, बांधीत धान पिकते; पत्त्यांच्या डावात नवे काहीच उत्पन्न होत नाही. खेळणाऱ्यांनी लावलेलाच पैसा, खेळ चालविणाऱ्याचा वाटा वजा जाता, त्यांच्यातच फिरतो. ऋग्वेदातील अक्षसूक्त (१०.३४) जुगाऱ्यास फासे सोडून शेतीकडे वळण्याचा उपदेश करते, तो ह्या दृष्टीने अर्थपूर्ण ठरतो.

कौशल्याचा मुद्दा त्यामुळे निरर्थक ठरत नाही. मात्र त्याची मर्यादा ओळखावी लागते. समजा, एखादा खेळाडू शंभरांत सरासरी पंचावन्न डाव जिंकण्याइतका कुशल आहे आणि प्रत्येक डावास सारखीच रक्कम लावतो. शंभर डावांनंतर त्याला सरासरी दहा डावांचा नफा व्हावा. तरीही अशा सुमारे सात खेळाडूंपैकी एक जण त्या वेळी तोट्यात असतो. किराणा आणि शाळेची फी सरासरीची वाट पाहत नाहीत.

कायद्याचा आधारही स्थिर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरविला. पुढे २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्य व दैव असा भेद न करता, बंदी घालणारा कायदा केला. ज्यांनी अशा डावावर संसार उभारला होता, त्यांचे कौशल्य कायम राहिले. खेळण्याची जागा तेवढी गेली.

म्हणून निर्णय करणाऱ्याने ‘मी किती चांगला खेळतो?’ ह्याच्या आधी ‘पणाला काय लागते?’ हे विचारणे इष्ट. नोकरी असेपर्यंत, खेळणारा मर्यादा पाळत असल्यास, पगारातील शिल्लकच पणाला लागते. नोकरी सुटली की डावाचे भांडवल आणि घरखर्च ह्यांचा पैसा एकच होतो. घरखर्चाची रक्कम ज्याला डावापासून कायम अलग ठेवता येत नाही, तो कितीही कुशल असला तरी ‘आक्षिक’च राहतो; डावावर ‘जगणे’ त्याला साधत नाही.