बाळाची शी कशाने पुसायची? पाणी, कापड की वाईप्स?



घरात बाळ आलं की पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त वेळा होणारं काम म्हणजे पाजणं, आणि त्याच्या खालोखाल लंगोट बदलणं. अंगावर पिणारं बाळ दिवसातून सहा-आठ वेळाही शी करतं. महिन्याचा हिशेब केला तर दोनशेच्या आसपास वेळा आपण बाळाचं ढुंगण साफ करतो. पण हे काम कसं करायचं ते कुणी नीट बसून सांगत नाही. आजी म्हणते, "सरळ पाण्याने धू." दुकानदार वाईप्सचं पाकीट पुढे करतो. माहेरी एक रीत, सासरी दुसरी. मग नव्या आईने ऐकायचं कुणाचं?

आपण गटात कर्ज घेताना जसा दोन्ही बाजूंचा विचार करतो, तसाच इथे करू या.

आधी बाळाची कातडी समजून घ्या

नवजात बाळाची कातडी आपल्यापेक्षा खूप नाजूक असते. शी आणि शू एकत्र होऊन बराच वेळ अंगाला लागून राहिली की ती झोंबते आणि जागा लाल होते. वर आपण खसाखसा पुसलं तर आणखी सोलवटते. म्हणून कशाने पुसलं यापेक्षा तीन गोष्टी जास्त महत्त्वाच्या: लवकर साफ करणं, हलक्या हाताने साफ करणं आणि नंतर कोरडं करणं. या तीन गोष्टी पाळल्या तर पाणीही चालतं, कापडही चालतं आणि साधे वाईप्सही चालतात.

पहिल्या दोन-तीन दिवसांची काळी शी

पहिली शी काळी-हिरवट आणि डांबरासारखी चिकट असते. ती पाहून घाबरू नका. बाळ पोटात असताना आतड्यात साठलेलं ते बाहेर पडतं. चीक दूध पाजलं की ते लवकर निघून जातं. ही शी नुसत्या पाण्याने चटकन सुटत नाही. अशा वेळी कापसाच्या बोळ्यावर थोडं स्वच्छ खोबरेल तेल घेऊन पुसा, मग कोमट पाण्यात बुडवलेल्या कापडाने पुसून घ्या. शी लागली म्हणून लगेच अंघोळ घालायची घाई नको. जन्मानंतर पहिले २४ तास तरी बाळाला अंघोळ घालू नये, त्याला थंडी बाजते.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून शी पिवळी, पातळसर, मोहरीच्या दाण्यांसारखी कणीदार होते. अंगावरच्या बाळाची शी अशीच असते. ती जुलाब समजून दूध बंद करू नका.

तीन पद्धती, तिघींचा हिशेब

*१. कोमट पाणी आणि मऊ सुती कापड.* पहिल्या महिन्यासाठी ही सगळ्यात साधी आणि स्वस्त पद्धत. जुन्या सुती साडीचे हातरुमालाएवढे तुकडे करायचे. वाटीभर उकळून कोमट केलेलं पाणी पुरतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावातही एवढं पाणी निघतं. त्रास एकच, कापडं धुवायची आणि वाळवायची. पावसाळ्यात ती वाळत नाहीत. ओलसर कापड वापरण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवा. तुकडे वीस-पंचवीस तरी करून ठेवा, म्हणजे कमी पडत नाहीत.

*२. पाण्याने धुणं.* आपल्याकडची जुनी रीत. शी भरपूर झाली असेल तर ही चांगलीच. पण नाळ गळून पडेपर्यंत थांबा, म्हणजे नाळ ओली होत नाही. धुताना बाळाला हातावर पक्कं धरा. पाणी कोमट हवं, ते आधी आपल्या मनगटावर किंवा कोपरावर टाकून बघा. नळाचं गार पाणी थेट नको. धुतल्यावर जांघेतल्या घड्या टिपून कोरड्या करा. बहुतेक वेळा इथेच घाई होते.

*३. वाईप्स.* एसटीच्या प्रवासात, लसीकरणाला जाताना, पाहुण्यांच्या घरी सोयीचे. "वाईप्सने कातडी खराब होते" असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी नवजात बाळांवर अभ्यास करून २०१२ साली निष्कर्ष मांडला, की तपासलेले सौम्य वाईप्स हे कापूस आणि पाण्याइतकेच सुरक्षित ठरले. पण बाजारातले सगळेच वाईप्स सौम्य नसतात. पाकिटावर वासाचे किंवा अल्कोहोल असलेले असं लिहिलं असेल तर ते नवजात बाळाला नको. उघडं पडून सुकलेलं पाकीटही नको.

आता पैशाचं बघू. दिवसाला सहा वेळा शी आणि दर वेळी दोन वाईप्स धरले तर दिवसाला बारा होतात. बहात्तर वाईप्सचं पाकीट सहा दिवसांत संपतं, म्हणजे महिन्याला पाच पाकिटं. तुमच्या गावच्या दुकानात पाकिटाची किंमत विचारा, तिला पाचाने गुणा आणि शेजारी तुमची महिन्याची बचत लिहा. मग ठरवा. आमचं म्हणणं असं, की घरी कापड आणि पाणी वापरा, बाहेर जाताना पिशवीत एक छोटं पाकीट ठेवा. वाईप्स नाहीत म्हणून कुठल्याही बाळाचं काही अडत नाही. ते घेता येत नाहीत म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका.

साफ करायचं कसं?

• आधी पाणी, कापड, कोरडा लंगोट सगळं हाताशी घ्या. बाळाला खाटेवर एकटं सोडून उठू नका.

• वरचं अंग दुपट्याने झाकलेलं ठेवा. विशेषतः थंडीत आणि पहाटे.

• लंगोटाच्याच कोरड्या भागाने आधी जाड शी काढून घ्या.

• मुलगी असेल तर नेहमी पुढून मागे पुसा. मागून पुढे पुसलं तर शीतले जंतू शूच्या जागी जातात. पहिल्या आठवड्यात मुलीला पांढरं किंवा किंचित रक्तासारखं जाऊ शकतं. आईच्या शरीरातल्या संप्रेरकांमुळे ते होतं आणि आपोआप थांबतं. आत पुसायला जाऊ नका.

• मुलगा असेल तर शूच्या जागेची कातडी मागे ओढू नका. तेल लावून ओढायची काही घरांत पद्धत आहे, ती थांबवा. बाहेरून पुसणं पुरेसं आहे.

• घासू नका, टिपून घ्या. मग दोन-चार मिनिटं हवा लागू द्या.

• लंगोट नाळेच्या खाली बांधा. नाळ उघडी आणि कोरडी राहिली पाहिजे. तिला हळद, राख, शेण, तेल, काहीही लावू नका.

हे नको

पावडर नको. ती घड्यांत ओली होऊन गोळे बनते आणि उडून बाळाच्या श्वासात जाते. दर वेळी साबण नको, दिवसातून एकदा अंघोळीला पुरतो. पाण्यात जंतुनाशकाचे थेंब टाकू नका, नाजूक कातडी भाजते.

आणखी एक गोष्ट, जी फारशी कुणी सांगत नाही. लंगोटासाठी काढलेल्या जुन्या साड्या आणि दुपटी ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेली असतात. त्या गोळ्यांचा अंश कपड्यात राहतो. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते, त्यांचं रक्त या गोळ्यांमुळे झपाट्याने फुटतं आणि कावीळ वाढते. ती उणीव आपल्या बाळात आहे का, हे वरून दिसत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवूच नका. ठेवल्या असतील तर तो कपडा बाळाला वापरू नका.

हात धुणं आणि घाण टाकणं

"तान्ह्या बाळाची शी काय घाण असते!" असं आपण सहज म्हणतो. पण तिच्यातही जंतू असतात. लंगोट बदलल्यावर आपले हात साबणाने धुवा, मगच पाजायला किंवा पोळ्या लाटायला बसा. घरातल्या मोठ्या बहिणीने बाळाचं केलं असेल तर तिचेही हात धुऊन घ्या.

शी शौचालयात टाका. हातपंपाजवळ किंवा विहिरीपाशी लंगोट धुऊ नका. वाईप्स आणि डायपर शौचालयाच्या भांड्यात टाकू नका. वाईप्स कापडासारखे दिसले तरी त्यात बहुतेक वेळा प्लास्टिकचे धागे असतात. ते कुजत नाहीत, पाईप तुंबतो आणि शोषखड्डा निकामी होतो. ते कागदात गुंडाळून ग्रामपंचायतीच्या कचरागाडीत द्या. चुलीत जाळू नका.

लाली आली तर

लंगोट लवकर बदला, दिवसातून थोडा वेळ बाळाला लंगोटाशिवाय ठेवा आणि कोरड्या जागेवर खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा. दोन-तीन दिवसांत लाली कमी झाली नाही, घड्यांच्या आत गडद लाल होऊन बाजूला बारीक पुरळ आलं, तर बुरशी असू शकते. आशाताईला दाखवा. दुसऱ्या बाळासाठी आणलेलं मलम लावू नका.

पण पुढचं काही दिसलं तर वाट न बघता बाळाला दवाखान्यात न्या:

• पहिल्या २४ तासांत शी झाली नाही

• शीत रक्त दिसलं, किंवा शी पांढऱ्या मातीसारखी झाली

• कातडीवर पू भरलेले फोड आले, नाळेभोवती लाली किंवा पू आला

• तळहात-तळपाय पिवळे दिसले

• बाळ पीत नाही, मलूल आहे, अंग तापलं किंवा गार पडलं

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत, ने-आण करायला गाडीही मोफत आहे. १०२ किंवा १०८ वर फोन करा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. तेव्हा लाज न बाळगता बाळाचा लंगोट सोडून दाखवा. ते तिचं कामच आहे.

गटात एवढं करा

पुढच्या बैठकीत हा लेख एकीने मोठ्याने वाचा. गटात कुणाच्या घरी बाळंतपण असेल तर प्रत्येकीने घरातली एकेक मऊ सुती साडी आणा, डांबरगोळ्यांत न ठेवलेली. ती साबणाने धुऊन, उन्हात वाळवून लंगोट आणि पुसायचे तुकडे शिवून ठेवा. शिलाई मशीन असलेल्या ताईंचं एका दुपारचं काम आहे. आणि बैठकीला सासूबाईंनाही बोलवा. बाळाचं निम्मं काम त्यांच्याच हातून होतं, तेव्हा दोघींनी एकच ऐकलं तर घरात वाद राहत नाही.