गाडीचा एसी गरम हवा फेकतो? आधी गळती शोधा, मग गॅस भरा

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि "गॅस भरून द्या" म्हणत ग्राहक गॅरेजमध्ये येतात. पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. एकाच हंगामात तो कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, हे आपल्या कारागीर बांधवांनी ध्यानात ठेवावे.

प्रथम एसी चालू करून कॉम्प्रेसरचा क्लच ओढतो का व कंडेन्सरचा पंखा फिरतो का, ते पाहावे. गाडी पळताना थंड आणि उभी राहिली की गरम हवा येत असेल, तर बहुधा पंख्यात दोष असतो किंवा कंडेन्सरवर धूळ, कापसाचे तंतू बसलेले असतात. अशा वेळी साधी धुलाईही पुरते.

मग गेज लावावे. दोन्ही बाजूंचा दाब कमी असल्यास बहुधा गॅस कमी असतो. लो बाजू जास्त व हाय बाजू कमी दिसल्यास कॉम्प्रेसर कमजोर समजावा.

तेलकट डाग गळतीची जागा दाखवतो. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने खात्री करावी. ओ-रिंग वा पाइप बदलावा, निदान अर्धा तास व्हॅक्यूम करावे आणि बोनेटखालच्या पट्टीवरील वजनाइतकाच गॅस भरावा. स्वयंपाकाचा गॅस कदापि भरू नये. आगीचा धोका असतो.

नुसता गॅस भरल्यास आज पैसे मिळतील, पण महिन्याभरात तोच ग्राहक तक्रार घेऊन येईल. म्हणून दोष दाखवून, खर्च आधी सांगूनच काम करावे, असे आम्ही सुचवतो.