पट्ट्यावरचं भात

दसरा उलटला की रत्नागिरीचा शेतकरी आधी आभाळ बघतो, मग विळ्याला हात घालतो. लांज्याकडच्या एका वाडीत, वहाळाकाठच्या खाचरात, दोन सरींमधल्या उघडिपीत भात कापणारा रीपर चालताना पाहिला. दिसायला पॉवर टिलरचा धाकटा भाऊ. दोन दांडे धरून मागून चालायचं. सगळी करामत तोंडाशी.

खाली दातेरी पाती डावी-उजवी सरकतात. वर चांदणीच्या आकाराची चाकं ताटं आत ओढतात आणि कापलेलं भात कोसळण्याआधीच खुंट्यांच्या पट्ट्यावर चढतं, उभ्याउभ्या उजवीकडे सरकतं आणि बाहेर पडून आडवं होतं. सगळ्या लोंब्या एका बाजूला, त्यामुळे मागून पेंढ्या बांधणाऱ्या बायकांना चाळवाचाळव करावी लागत नाही. भात उजवीकडे पडतं, म्हणून उभं पीक डाव्या हाताला ठेवून फिरायचं. बांधाकडेचा पट्टा आणि चारही कोपरे मात्र आधी विळ्यानेच मोकळे करावे लागतात. यंत्र आलं तरी विळा सुटत नाही तो असा.

कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या रानात कंबाईन हार्वेस्टरला जो ड्रेपर हेडर लावतात, तो या पट्ट्याचाच थोरला अवतार. तिथे पीक पट्ट्यांवर आडवं पडतं. बाजूचे दोन पट्टे ते मधोमध आणतात, मधला पट्टा मशीनच्या घशात सोडतो. नेहमीच्या हेडरमध्ये हेच काम फिरता स्क्रू पीक ढकलत करतो. पट्ट्यावर ओढाताण कमी, लोंब्या आधी आत जातात, दाणे कमी झडतात. पण हा हेडर तीस-चाळीस फुटी. आमच्याकडे कित्येक खाचरांची रुंदीही तेवढी नसते, आणि शेतात जायची वाट म्हणजे शेजाऱ्याचा बांध.

चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारे छोटे कंबाईन भाताच्या चिखलातही चालतात, नाही असं नाही. एका दमात कापणी आणि मळणी उरकते. तरी गोठ्यात गुरं असलेला माणूस कचरतो, कारण बहुतेक कंबाईन अख्खं ताट आत घेऊन मळतात आणि पेंढा चुरमडून बाहेर टाकतात. त्याची नीट उडवी रचता येत नाही. रीपरने कापलेला पेंढा सरळ आणि लांब राहतो. माझ्या मते इथे रीपर कंबाईनला भारी ठरतो तो या पेंढ्यामुळेच, स्वस्ताईमुळे नव्हे.

रीपरची खोड दुसरी. आडव्या भाताला तो उचलत नाही. 2019 च्या ऑक्टोबरात क्यार वादळाच्या पावसाने कोकणात कापणीला आलेलं भात झोपवलं होतं. अशा वेळी चांदणीची चाकं वरून निघून जातात, लोंब्या मातीत राहतात. तिथे माणसाचाच हात हवा.

पाहिलेल्या खाचरातही एका कोपऱ्यात चाक रुतलं. "वल हाय अजून," चालवणारा म्हणाला आणि यंत्र मागे घेतलं. कापणीआधी आठ-दहा दिवस पाणी काढायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. परतीचा पाऊस ते ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी.

उरतो खोडकिडा. त्याच्या अळ्या धसकटात दडून राहतात, म्हणून दापोलीचं कृषी विद्यापीठ आपल्या वैभव विळ्याने भात जमिनीलगत कापायला सांगतं. रीपर खडबडीत जमिनीत थोडा वर उचलून चालवावा लागतो, धसकटं उंच राहतात. ती कापणी होताच नांगरून टाकावीत. हे काम टाळलं तर वाचलेली मजुरी पुढच्या हंगामात कीड खाते.

एकट्याने रीपर घ्यायच्या फंदात पडू नका. चार घरांनी मिळून घ्या, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अनुदानासाठी अर्ज करा आणि दुकानात जाण्याआधी आपल्या सगळ्यांत आतल्या खाचराची वाट मोजून ठेवा.