ग्वाल्हेर स्टेशन : दोन गाड्यांमधले आठ तास

मुंबई-पुण्याहून उत्तरेकडे जाणाऱ्या आपल्या बहुतेक घरांना ग्वाल्हेर फक्त गाडीच्या खिडकीतून माहीत असतं. पंजाब मेल असो, झेलम असो की मंगला. गाडी थांबते, बाबा पाण्याची बाटली आणायला उतरतात, आई ‘लवकर या’ म्हणते आणि गाडी सुटते. पण पुढची गाडी इथूनच पकडायची असेल, म्हणजे भिंड-इटाव्याकडे, शिवपुरी-गुन्याकडे किंवा इथूनच सुटणाऱ्या बरौनी मेलने लखनौ-गोरखपूरकडे जायचं असेल, तर कधीकधी मध्ये सात-आठ तास मोकळे राहतात. ते वेटिंग रूममध्ये मोबाइल चार्ज करत घालवता येतात. पण निदान एकदा तरी ते शहरात घालवावेत, कारण हे शहरच मुळी मराठी माणसांच्या एका लांबलेल्या मुक्कामातून वाढलेलं आहे.

आधी सामान, मग शहर

सामान क्लोकरूममध्ये ठेवायचं तर प्रत्येक बॅगेला कुलूप हवं आणि तिकीट जवळ हवं. सोबत आजी-आजोबा असतील तर पीएनआरवर रिटायरिंग रूम मिळते का, ते आधीच ऑनलाइन पाहावं. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर त्यांचे पीएनआर एकमेकांशी जोडून घ्यावेत. ही सोय 2019 पासून आहे. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर त्या दुसऱ्या प्रवासाचे पैसे परत मागता येतात. मात्र दोन्ही तिकिटांवरची नावं तीच हवीत आणि उतरल्यावर तीन तासांच्या आत अर्ज करावा लागतो.

पहिला थांबा : फूलबाग

स्टेशनबाहेरून ऑटो किंवा ई-रिक्षा केली की काही मिनिटांत फूलबाग येते. इथे झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. जून 1858 मध्ये राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर घेतलं आणि त्याच महिन्यात इंग्रजांशी लढताना राणी इथे पडल्या. समाधीला लागूनच गंगादास बाबांचा मठ आहे. राणींचा देह इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून तिथल्या साधूंनी लढा दिला, असं सांगतात.

ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे यांनी राणींवर लिहिलेली कविता आपल्या आई-बाबांच्या पिढीने शाळेत म्हटली आहे. जाणाऱ्या-येणाऱ्याला या जागी घटकाभर थांबायला सांगणारी ती कविता याच समाधीची आहे, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात नसतं.

इथेच मुलांना एक अवघड गोष्टही सांगायला हवी. राणींचं सैन्य आलं तेव्हा ग्वाल्हेरचे राजे जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. त्यांची फौज राणींना जाऊन मिळाली आणि महाराज आग्र्याला निघून गेले. म्हणजे दोन्हीकडे मराठी माणसंच होती. समाधीनंतरचा आपला दुसरा थांबा त्याच जयाजीरावांचा राजवाडा आहे.

दुसरा थांबा : जयविलास

जयविलास महाल 1874 मध्ये बांधून झाला. त्याचा काही भाग आज संग्रहालय आहे. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची आहेत. छत त्यांचा भार पेलेल का, हे पाहायला आधी छतावर हत्ती चढवले होते, असं सांगतात. लहान मुलांना सगळ्यात आवडते ती जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी. पाहुण्यांपुढे ब्रँडी आणि चिरूट घेऊन जाणारी ही गाडी रुळांवरून फिरायची. मराठ्यांच्या इतिहासाचं एक स्वतंत्र दालनही इथे आहे. संग्रहालय आठवड्यातून एक दिवस बंद असतं, तेव्हा निघण्याआधी वार पाहून घ्यावा.

खऱ्याखुऱ्या छोट्या गाडीचीही ग्वाल्हेरला हौस होती. इथून श्योपुरपर्यंत जवळपास 200 किलोमीटर धावणारी नॅरोगेज गाडी होती. दोन रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट! 2020 मध्ये ती बंद झाली आणि तिच्या जागी मोठ्या रुळांचं काम हाती घेतलं गेलं.

तिसरा थांबा : लष्कर

आता बाड्यावर चला. महाराज बाडा हा लष्कर भागातला मुख्य चौक. ‘लष्कर’ हे नाव शब्दशः खरं आहे. सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचं शिंदे घराणं माळव्यात आलं, उज्जैन त्यांची राजधानी झाली. पुढे 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली आपली छावणी टाकली. ती उठलीच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, वाड्यांभोवती बाजार आले आणि छावणीचं शहर झालं.

हे समजायला पुस्तक उघडायची गरज नाही. रिक्षात बसून दुकानांवरच्या पाट्या वाचा : शिंदे की छावनी, दौलतगंज, जनकगंज, जीवाजीगंज, माधवगंज. दौलतराव, जनकोजी, जयाजी, जिवाजी, माधवराव असे शिंदे राजे एकामागून एक पेठांच्या नावांत येऊन बसले आहेत. ‘चिटणीस की गोठ’ अशीही एक वस्ती आहे. ‘गोठ’ म्हणजे आपला गोट, सैन्याचा तळ. मराठी शब्दाने हिंदीचा ‘की’ घेतला आणि इथलाच होऊन राहिला.

बाड्यावर भूक लागतेच. सकाळी असाल तर कचोरी-जिलेबी, नया बाजारात बुंदीचे लाडू आणि थंडीत गजक. तीळ-गुळाच्या पापुद्र्यांची ही गजक संक्रांतीला घरी नेण्यासारखी आहे. आपली तिळाची वडी कडक, ही तोंडात टाकताच विरघळणारी.

चौथा थांबा : किल्ला, वेळ असेल तर

हाती आठ तास असतील तरच किल्ला करा, आणि उन्हाळ्यात दुपार टाळा. गाडीने जायचं तर पश्चिमेकडचा उरवाई दरवाजा. त्या वाटेवर कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती दिसतात. पायी चढायची तयारी असेल तर पूर्वेकडची वाट घ्या. वर मानसिंह तोमरचं मानमंदिर आहे. त्याच्या भिंतींवरच्या निळ्या फरशा आणि बदकांची रांग पाचशे वर्षांनंतरही ओळखू येते.

पूर्वेच्या वाटेवर एकाच खडकात कोरलेलं छोटंसं चतुर्भुज मंदिर लागतं. तिथल्या इ. स. 876 च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेची लांबी 270 हात लिहिली आहे, आणि रोजच्या 50 माळांचा उल्लेख आहे. या दोन्ही आकड्यांतलं शून्य आजच्यासारखंच, गोल कोरलेलं आहे. गणिताचा कंटाळा असलेली मुलंसुद्धा ते शून्य शोधत बसतात.

इथून मिरजेला गेलेलं गाणं

गाणं शिकणाऱ्या मुलांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ही गायकी महाराष्ट्रात घेऊन आले. मिरजेला त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले आणि त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आज आपली मुलं ज्या परीक्षांना बसतात, त्यांची मुळं अशी या शहरापर्यंत पोचतात. डिसेंबरमध्ये इथे असाल तर तानसेन समारोह गाठा. मियाँ तानसेनच्या समाधीपाशी होणाऱ्या या समारोहाची सुरुवात ढोलीबुवा महाराजांच्या हरिकथेने आणि मिलादने होते.

मुक्काम वाढला की काय होतं?

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना ग्वाल्हेर एक प्रश्न विचारतं. आपण दोन-तीन पिढ्यांपूर्वी बाहेर पडलो, ही माणसं दोनशे वर्षांपूर्वी. मग त्यांच्या मराठीचं काय झालं?

उत्तर एकच नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे दोनदा भरलं. 1928 मध्ये मा. श्री. अणे अध्यक्ष होते, आणि 1961 मध्ये कुसुमावती देशपांडे. संमेलनाच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. हा मान पुण्या-मुंबईच्या नव्हे, ग्वाल्हेरच्या मांडवात मिळाला. दुसरीकडे, ती छोटी गाडी जिथे जायची त्या श्योपुरला 1917 मध्ये गजानन माधव मुक्तिबोध जन्मले. घर मराठी, पण ते झाले हिंदीतले मोठे कवी. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. एकाच घरातून दोन भाषांना दोन कवी मिळाले, आणि त्यात कुणाचं काही कमी झालं नाही.

पण सगळ्याच घरांत असं होत नाही. राजाश्रय होता तेव्हा मराठी दरबारात होती, शाळेत होती. 1948 मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झालं आणि त्यानंतर ती टिकवण्याचं काम मुख्यतः घरांवर आलं. पाट्यांवरचं ‘गोठ’ आपोआप टिकलं, कारण तो पत्त्याचा भाग झाला. घरातली बोली मात्र आपोआप टिकत नाही. ती रोज बोलावी लागते, थोडी हिंदी मिसळली तरी चालेल, पण बोलावी लागते. ‘आम्ही परत कधी जाणार?’ असं विचारणाऱ्या आणि ‘आम्ही इथलेच’ म्हणणाऱ्या, दोन्ही मुलांना हे शहर दाखवण्यासारखं आहे. इथलं होऊनही आपली भाषा जपता येते, हे या शहरात दिसतं. आणि लक्ष दिलं नाही तर फक्त आडनाव उरतं, हेही कळतं.

संध्याकाळच्या गाडीआधी तासभर तरी स्टेशनवर परत या, बाड्याच्या रस्त्यावर गर्दी असते. गजक हातात ठेवा, बॅगेत चुरा होतो. आणि गाडीत बसल्यावर मुलांना विचारा, किती मराठी नावं मोजली? आमच्या घरचा आकडा अकरा आहे. तुमचा मंडळाला जरूर कळवा.